उकिरडा नव्हे, कंपोस्ट

मालव्यात कापसाची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या चुलीत जात, शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात आणि काळ्या जमिनीच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नसे. इंदूर येथे १९२४ साली सुरू झालेल्या वनस्पति-उद्योग संस्थेत संचालक अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले. चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या रिवाजापासून बोध घेऊन त्यांनी सिद्ध केलेली पद्धती ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर प्रसिद्ध पावली. उभयतांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रकाशित झाला.

घरामागे केरकचरा टाकून विसरून जाणे म्हणजे कंपोस्ट नव्हे. तो उकिरडा होय. मूळ पद्धतीत सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व अवघा २ फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा घेत. खोली कमी असण्याचे कारण हवा. हवेवाचून जिवाणूंचे काम मंदावते, दुर्गंधी सुटते व नत्र वाया जाते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचावा.

पऱ्हाट्यांसारखे टणक पदार्थ प्रथम गाड्यांच्या वाटेवर पसरून चुरून घेत. मग काडीकचरा, गव्हाणीतील उरलासुरला चारा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व थोडी राख यांचे पातळ थर द्यावयाचे. मिश्रण मुठीत दाबले असता ओल जाणवावी, पाणी मात्र गळू नये. पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी अशी तीन वेळा उलथापालथ केली की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. हे काम कष्टाचे आहे यात शंका नाही, आणि नेमकी येथेच टाळाटाळ होते.

कच्चे काड तसेच नांगरले तर काय बिघडते, असे पुष्कळजण विचारतात. त्यात कर्ब फार, नत्र थोडे. ते कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र ओढून घेतात व कोवळे पीक पिवळे पडते. इंदूरच्या प्रयोगांत आरंभी कर्ब-नत्राचे प्रमाण ३३ : १ च्या आसपास ठेवीत, तयार खतात ते सुमारे १० : १ होई.

मध्यप्रदेशात आजही कापणीनंतर गव्हाचे काड पेटविले जाते. त्यातील नत्र धुरावाटे निघून जाते. तयार खतही उघड्यावर फार दिवस ठेवू नये. पेरणीपूर्वी पसरून लगेच मातीत मिसळावे.