वस्तऱ्यांचा नाद

लोक तिकिटे जमवतात, नाणी जमवतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, तर अडकित्ते आणि दिवे जमवता जमवता वस्तुसंग्रहालयच उभे केले. मी वस्तरे जमवतो असे सांगितले की मात्र समोरचा गृहस्थ नकळत स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवतो!

जळगावच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला हा नाद लागला तो एका भंगारवाल्यामुळे. त्याच्या टोपलीत गंजलेले एक पाते होते. घरी नेऊन पुसले तर खाली तारा आणि क्रॉस उमटला. ही शेफील्डच्या जोझेफ रॉजर्स यांची खूण. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनचे वस्तरेही मिळाले. सलूनमध्ये हल्ली अर्धे पाते बसवतात आणि गिऱ्हाईक बदलले की ते टाकतात. रोगराईच्या दृष्टीने ते योग्यच. पण त्यामुळे जुने वस्तरे किलोच्या भावाने गेले.

गंजाला घाबरायचे नसते. वरवरचा गंज तेलाने आणि धातू उजळण्याच्या मलमाने निघतो. धारेपाशीच खड्डे पडले असतील तर मात्र त्या पात्याला दुरूनच नमस्कार करावा. यंत्रावर घासण्याचा मोह नको; पाते तापले की पोलादाचे पाणी उतरते, मग धार टिकत नाही. दगडावर वस्तरा ठेवायचा तो पाठ आणि धार दोन्ही टेकवून. कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. घडवणाऱ्याने तेवढी अक्कल पात्यातच घालून ठेवलेली असते. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. हे एकदा विसरलो आणि पट्ट्याचे दोन तुकडे झाले. सौभाग्यवतींनी त्या दिवशी काहीच टीका केली नाही, हे जास्त लागले.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद पाहायला मी अधूनमधून जातो. एका खेपेस पांझरेकडच्या गल्लीत एका वृद्ध कारागिराचे दुकान दिसले.

"आप्पा, जुना वस्तरा असला तर देता का?"

त्याने फळीवरून धोकटी काढली. "हाऊ मना आजाना शे," तो म्हणाला. मग थोडे थांबून पुढचे सांगितले. आजाचे वस्तरे दोन होते. एक दाढीचा. दुसरा फक्त विधवांच्या डोक्यासाठी. तो घेऊन वाड्यांच्या मागच्या दाराने जायचे. एक दिवस आजा एका बारा-तेरा वर्षांच्या पोरीसमोर बसला, तसाच उठला आणि तो वस्तरा पांझरेत टाकून आला. त्या वाड्यांचे काम कायमचे सुटले.

उरलेला वस्तरा त्याने माझ्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. "वापरा मात्र, सर. काचेत ठेवू नका."

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' मी वर्गात शिकवतो. यमूच्या केशवपनापाशी आलो की सांगतो, कादंबरी 'करमणूक'मध्ये येऊ लागली ती १८९० साली; आणि त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा ठराव केला. मुले तेवढे टिपून घेतात. मीही ते टिपण्यापुरतेच सांगत होतो.

घरी येऊन आईला धुळ्याची हकिगत सांगितली. माझा संग्रह तिने दिवाणखान्यात कधी ठेवू दिला नव्हता. मला वाटे, अपशकुनाची भीती.

"माझी आजी आलवणात होती," ती म्हणाली. "न्हावी आला की आम्हां मुलांना आत घालत. मी एकदा दाराच्या फटीतून पाहिले."

"रडत होती?"

"नाही रे. मान खाली घालून त्याला विचारत होती, तुझ्या मुलीचे लग्न ठरले का."

एवढे बोलून ती वाती वळू लागली. मीही पुढे विचारले नाही.

महिनाभर लागला त्या वस्तऱ्याला. शिंगाची मूठ वाळून तडकली होती, तिला तेल पाजले. पात्यावरचे दोन काळे डाग तसेच राहू दिले.

गेल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाआधी त्याने पहिली दाढी केली. हनुवटीवर किंचित कापले. आईने काही न बोलता तुरटी आणून दिली, आणि वस्तरा उचलून, पुसून, दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवला.