धमनीला आलेला गोळा

पोटरीत गोळा आला की माणूस मध्यरात्री कळवळून उठतो, पाय चोळतो, पुन्हा झोपतो. असाच गोळा हृदयाच्या धमनीलाही येऊ शकतो, हे मला माझ्या मामांच्या आजारपणात कळले.

मामा पहाटे चारच्या सुमारास छाती धरून उठत. दहा मिनिटांत दुखणे थांबे. सकाळचा कार्डिओग्राम स्वच्छ! संध्याकाळी टेकडी चढताना त्रास नाही. 'गॅस असेल,' म्हणून ओवा, हिंग, लिंबू-सोडा सगळे झाले. अखेर इस्पितळात रात्रभर मॉनिटर लावला, तेव्हा ऐन दुखण्याच्या वेळी आलेख पार बदललेला दिसला. अँजिओग्राफीत मोठा अडथळा मात्र नव्हता. या विकाराचे वर्णन अमेरिकेतील डॉ. मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्येच करून ठेवले आहे.

धमनीच्या भिंतीतील स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरले की ती आवळते. (हे ऐकून मामींनी 'दूध बंद करू का?' असे विचारले. त्याचा याच्याशी संबंध नाही.) हा शिरकाव रोखणाऱ्या डिल्टियाझेमसारख्या गोळ्या रोज, आणि दुखू लागताच जिभेखाली नायट्रेटची गोळी, असा उपचार असतो. नेहमीच्या हृदयविकारात उपयोगी पडणारे प्रोप्रॅनोलॉल इथे त्रास वाढवू शकते; म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. सिगारेट तर धमनीला गोळा आणणारीच. मामांनी ती सोडली, कुरकुरत का होईना. आणि गोळीने न थांबणारे दुखणे घरी अंगावर काढायचे नाही, हे त्यांना बजावलेले आहे. असा झटका लांबला तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो.

मेंदूत हेच संकट वेगळ्या वाटेने येते. तिथल्या धमनीचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्त पसरले, की साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत जवळच्या धमन्या आवळू लागतात. त्यासाठी निमोडिपिन दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, असे २१ दिवस देतात; रक्तदाब घसरू देत नाहीत. गरज पडल्यास नळीवाटे धमनीतच औषध सोडतात किंवा फुग्याने ती रुंद करतात. नवल असे, की निमोडिपिनने धमनी फारशी रुंदावलेली दिसत नाही, तरी रुग्णाचे मेंदूचे नुकसान कमी होते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणून पेढे आणणाऱ्या नातेवाइकांना न्यूरोसर्जन 'अजून दोन आठवडे जाऊ द्या' म्हणतात, ते यासाठीच.