पंचवीस मिनिटांत चार चित्रे

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांवर राज्य एमपीएससीवाल्यांचे. टेबलांवर राज्यघटनेची जाडजूड पुस्तके, पाण्याच्या बाटल्या, भिंतीतल्या एकाच सॉकेटवर तिघांचा डोळा. डिसेंबरात अशाच एका टेबलावर मात्र वेगळे काही चाललेले असते. एक मुलगी कानांत इअरफोन घालून फेव्हिकॉलच्या जुन्या जाहिराती पाहते, मध्येच थांबवते, वहीत दोन ओळी लिहिते आणि पुन्हा पाहते. शेजारचा बराच वेळ कळ काढतो. शेवटी विचारतोच, ‘हा अभ्यास आहे?’

आहे. तिची एमबीए प्रवेशाची कॅट नोव्हेंबरात झाली आणि आता ती मायकॅटची तयारी करते आहे.

ही परीक्षा मायकाची. अहमदाबादजवळच्या शेला इथली ही संस्था १९९१ साली सुरू झाली. ए. जी. कृष्णमूर्ती यांनी १९८० मध्ये मुद्रा ही जाहिरातसंस्था काढली, तेव्हा तिचा ग्राहक एकच होता, विमल कापड. जाहिरातीचा धंदा आणि त्यातली माणसे बहुतेक मुंबईत. अहमदाबादेत बसून मुंबईशी टक्कर द्यायची तर माणसे घडवावीच लागणार होती. त्यातूनच मायका निघाली. आज मार्केटिंग आणि कम्युनिकेशन शिकायला तिथे जायचे, तर कॅट, झॅट किंवा जीमॅटचा स्कोअर लागतोच, आणि त्यावर मायकॅटही द्यावी लागते.

कॅट मुलांना एक सवय लावते: सोडून द्यायची. चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन विभाग, बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला की १ गुण वजा. अवघड दिसले की पुढे चला. मायकॅटचा पहिला विभाग या सवयीवरच घाव घालतो. मानसिक कल तपासणारे सुमारे १५० प्रश्न, वेळ ३० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला १२ सेकंद, आणि एकही सोडायचा नाही. याचे गुण धरत नाहीत. पण इथे अपात्र ठरलेल्याचा पुढचा पेपर तपासलाच जात नाही. ‘मला एकट्याने काम करायला आवडते’ अशा विधानांवर काय उत्तर द्यावे, हे क्लासमध्ये हमखास विचारले जाते. काही जण आदर्श मॅनेजरचे सोंग घेतात. पण तोच प्रश्न वेश पालटून पुन्हा समोर येतो आणि दीडशे प्रश्नांत एकच सोंग टिकवणे अवघड जाते. या विभागाची खरी तयारी एकच, भरभर वाचण्याची. बाकी सल्ले पैसे घेण्यापुरते.

शेवटचा विभाग ओळखीचा वाटतो. भाषा, गणित, सामान्यज्ञान आणि ‘डायव्हर्जंट-कन्व्हर्जंट’ तर्क, प्रत्येकी २० प्रश्न, मिळून ८० मिनिटे. विचार अनेक दिशांना फाकणे आणि एका उत्तराशी येऊन थांबणे, हा भेद अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० च्या दशकात मांडला. विटेचे जमतील तेवढे उपयोग सांगा, हा त्या परंपरेतला प्रसिद्ध प्रश्न. मायकॅटच्या या विभागात मात्र समोर पर्याय असतात, त्यातला बरोबर एकच, आणि चुकला तर पाव गुण जातो. मग विचार फाकायचा कुठे?

तो फाकतो मधल्या, लेखनाच्या विभागात. चार प्रश्न, २५ मिनिटे, सगळे संगणकावर टाइप करायचे. नेहमीचा साचा असा: एक विषय किंवा प्रसंग देतात, त्याच्या बाजूने मुद्दे लिहायचे, मग विरोधात, मग त्याच धाग्यावर आणखी एक उत्तर. शेवटी चार चित्रे. त्यांचा क्रम आपण ठरवायचा आणि गोष्ट रचायची.

मुद्दे तिसऱ्यानंतर आटतात. ‘कॉलेजात मोबाइलबंदी’ म्हटले की लक्ष विचलित होते, अभ्यास होतो, आणि पुढे शांतता. क्लासमधल्या सरांचा यावरचा तोडगा साधा. मुद्दे शोधू नका, माणसे शोधा. बंदीने कोणाकोणाला फरक पडेल? विद्यार्थिनीचे रात्री उशिरापर्यंत जागणारे आईवडील, यूपीआयवर चहाचे पैसे घेणारा कँटीनवाला, पीडीएफ नोट्स पाठवणारे प्राध्यापक, गेटवरचा वॉचमन ज्याला आता हजार फोन जमा करून घ्यावे लागतील. एकेका माणसाच्या नजरेतून पाहिले की यादी लांबते. मार्केटिंगवाला पुढे आयुष्यभर करतो ते हेच, फक्त तिथे त्याला पगार मिळतो.

चित्रांचा सराव जास्त रंगतो. एका संध्याकाळी फळ्यावर चार चित्रे लागली: बंद पडलेले घड्याळ, फलाटावरचा बाक, लाल छत्री, हसणारी म्हातारी. सहा मिनिटे कळफलकांचा खडखडाट. मग एकेकाने वाचायला सुरुवात केली. म्हातारी फलाटावर मुलाची वाट पाहते, घड्याळ तिच्या आयुष्यासारखेच थांबलेले, मुलगा लाल छत्री घेऊन येतो, म्हातारी हसते. दुसऱ्याचेही तेच. तिसऱ्याने मुलाच्या जागी नवरा घातला होता.

‘सर, पण चित्रांत तेच दिसतंय ना,’ एकीने तक्रार केली.

‘तुला दिसलं तसं तपासणाऱ्यालाही दिसलंय. मग तुझी गोष्ट त्याने कशाला वाचायची?’

पुन्हा सहा मिनिटे. या वेळी तिने लिहिले: फलाटावर म्हातारीचा चहाचा स्टॉल, त्यावर लाल छत्री. घड्याळ बंद पाडले तेही म्हातारीनेच. वेळ कळली नाही की बाकावर बसलेले लोक आणखी एक चहा घेतात. म्हणून ती हसते. वर्ग खदखदला. सरांनी पडद्यावर तिची दोन वाक्ये अधोरेखित केली, ज्यांत क्रियापदाचा काळ बदलला होता.

कारण सुचणे ही अर्धीच लढाई. पेपर इंग्रजीत. सातारा, नांदेड, लातूरहून आलेल्या अनेकांना गोष्ट मराठीत सुचते आणि बोटे इंग्रजी शब्द शोधत कळफलकावर अडतात. पल्लेदार वाक्य सुरू करून मध्येच बॅकस्पेस दाबत बसणे हा सगळ्यात महाग छंद. अशांसाठी आठ-दहा शब्दांची वाक्ये बरी. रोज एक गोष्ट, घड्याळ लावून, संगणकावर. वहीत लिहिलेला सराव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

सामान्यज्ञानाची घोकंपट्टी मात्र टळत नाही. कोणता ब्रँड कोणत्या कंपनीचा, कोणी कोणाला विकत घेतले. दांडेकरांच्या कॅम्लिनचा मोठा वाटा २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने घेतला, हे पाठ करता येते. विको टर्मेरिक औषध की सौंदर्यप्रसाधन यावरून उत्पादनशुल्क खात्याशी झालेला वाद वाचला, तर त्याहून जास्त हाती लागते: आपण काय विकतो हे लेबलवर काय लिहितो त्यावर ठरते, आणि कधी कधी ते कोर्टात ठरते. असे वाचन पुढे मुलाखतीतही कामाला येते.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीच्या वहीत कॅडबरीच्या दोन जाहिराती शेजारी शेजारी आहेत. १९९४ च्या जाहिरातीत मैदानावर खेळाडू मुलगा आणि धावत येऊन नाचणारी मुलगी. २०२१ मध्ये बॅट मुलीच्या हाती आणि नाचणारा मुलगा. खाली तिने लिहिले आहे, ‘सुरक्षारक्षक दोन्हीकडे. का काढला नसेल?’ मायकॅट डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्यांत होते, दोन्ही दिल्या तर चांगला स्कोअर धरतात. तिने दोन्हींचे फॉर्म भरले आहेत.