पहिली लाट कोठें गांठावी?

जुलै २०२४ मध्यें एक छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत झळकलें. ताहिती बेटावरील तेआहुपो येथें ऑलिंपिक सामन्यांत ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना लाटेवरून उसळून हवेंत ताठ उभा आहे, त्याचें एक बोट आकाशाकडे रोखलेलें आहे, आणि त्याची फळीही शेजारीं तशीच अधांतरीं उभी आहे. वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें चित्र पाहिलें असेल. ज्यांच्या घरीं पंचविशीच्या आंतबाहेरचीं मुलें आहेत त्यांनीं तर खासच पाहिलें असेल. हल्लीं अशा घरांतून एक नवीनच प्रश्न निघूं लागला आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "आम्हांला सर्फिंग शिकावयाचें आहे, कोठें जाऊं?" आणि आईबापांना उत्तर सुचणें तर दूरच, पण हा प्रश्न कोणत्या शास्त्रांतला हेंही कळत नाहीं.

सर्फिंग म्हणजे लाटेवर फळी घालून तिच्यावर उभें राहणें आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येणें. हवाई बेटांच्या मूळ भाषेंत त्यास 'हेए नालू' म्हणतात. त्याचा अर्थच लाटेवर घसरणें असा आहे. आम्हीं घरांत 'तरंगारोहण' हा शब्द सुचवून पाहिला. नातवंडांनीं तो हंसण्यावारीं नेला, तेव्हां येथें रूढ शब्दच वापरतों.

आतां त्या चित्राविषयीं. त्यांतली जागा नवशिक्यानें दुरूनच पाहावी. लाट फुटते ती खालच्या जमिनीमुळें. खोल समुद्रांतून आलेली लाट उथळ पाण्यांत शिरली, कीं तिचे पाय जमिनीला अडखळून मागें राहतात आणि डोकें पुढें जातें. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली, म्हणजे ती कोसळते. तळ वाळूचा असून हळूहळू चढत आलेला असेल, तर दूध उतूं जावें तसा माथ्यावरून फेस सावकाश ओघळतो. तोच तळ प्रवाळाचा असून समुद्रांतून एकाएकीं भिंतीसारखा वर आलेला असेल, तर लाट पुढें झेपावते आणि पोकळ नळीसारखी वळून आदळते. तेआहुपोची लाट ही दुसऱ्या जातीची. त्या नळींतून जाण्यासाठींच पट्टीचे खेळाडू तेथें जमतात. पडलेल्या माणसाखालीं मात्र अगदीं थोड्या पाण्याआड धारदार प्रवाळ असतो. बालीमधील उलुवातूही प्रवाळावरचीच जागा. ज्या स्थळाचें नांव मोठें तें पहिल्या धड्याला बहुधा निरुपयोगी, असें आम्हांस या सर्व चौकशीत आढळून आलें.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें मध्यंतरीं पत्र आलें. त्यांची कन्या पुण्यांत संगणकाच्या कचेरींत नोकरीस आहे. तलावांत ती चांगली पोहते, परंतु समुद्रांत कधीं उतरलेली नाहीं. ती व तिच्या दोन मैत्रिणी डिसेंबरच्या सुटींत या खेळासाठीं बालीला जावयाचें म्हणतात. "गुरुजी, तिला नको म्हणूं कां?" असें ते विचारतात. एकुलती एक मुलगी. बापाच्या जिवाची घालमेल आम्हांस अक्षरांवरूनच दिसली.

आम्हीं लिहिलें, कीं नको म्हणूं नका. मात्र तें स्थळ आणि तो महिना हीं एकमेकांशीं जुळत नाहींत, एवढें तिला समजावून सांगा. बालीतल्या कुटा गांवचा किनारा वाळूचा आहे आणि नवशिक्याला उत्तम आहे. त्याचा इतिहासही जुना आहे: रॉबर्ट कोक या अमेरिकन गृहस्थानें १९३६ सालीं तेथें हॉटेल काढलें आणि हवाईंत शिकलेला हा खेळ तेथल्या लाटांवर आणला. पण तो किनारा पश्चिमाभिमुख आहे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत वारा आग्नेयेकडून, म्हणजे तेथें जमिनीवरून समुद्राकडे, वाहतो. असा वारा येणाऱ्या लाटेला जणूं छातीला हात लावून उभी धरतो, आणि तिचें अंग गुळगुळीत राहतें. डिसेंबरांत वारा फिरतो, पश्चिमेकडून येऊन लाटा विस्कटून टाकतो, पाऊस लागतो, आणि समुद्रांतला प्लास्टिकचा केरकचरा वाळूवर येऊन पडतो. तीच मुलगी मे महिन्यांत गेली तर तेंच स्थळ तिला अनुकूल होईल. लग्नमुंजींना पंचांग उघडणारी आपली मंडळी सहलीच्या वेळीं केवळ विमानाचें भाडें पाहतात, हें नवल नव्हे काय?

येथें एक खुलासा अवश्य आहे. चांगली लाट उठविणारा वारा आणि किनाऱ्यावरचा वारा हे निरनिराळे. हिंदी महासागराच्या या किनाऱ्यांवर येणाऱ्या मोठ्या लाटा दूर दक्षिणेस, चाळीस अक्षांशांच्याही पलीकडील वादळांत जन्म घेतात आणि हजारों मैलांचा प्रवास करून येतात. किनाऱ्यावरचा वारा त्यांना फक्त सांवरतो किंवा बिघडवितो. म्हणून विषुववृत्ताजवळच्या देशांत जावयाचें तें मोसमी वाऱ्यांची दिशा पाहून. असे देश निवडण्याचें कारणही साधें आहे. तेथलें पाणी बारा महिने कोमट. थंड पाण्यांत अंग आखडतें आणि नवा माणूस लवकर दमतो.

डिसेंबरच ठरलेला असेल, तर आमचें मत निःसंशय श्रीलंकेच्या दक्षिण टोंकावरील वेलिगमच्या बाजूनें आहे. गेल्या जानेवारींत आम्ही तेथल्या वाळूवर चार सकाळी छत्री घेऊन बसलों होतों, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. गांवाचें नांवच स्थळाची परीक्षा सांगतें. सिंहली भाषेंत 'वेलि' म्हणजे वाळू आणि 'गम' म्हणजे ग्राम. आपली 'वाळू' आणि त्यांची 'वेलि' या दोघी एकाच 'वालुके'च्या लेकी. उपसागर चंद्रकोरीसारखा आंत वळलेला आहे. त्यामुळें दक्षिणेकडून आलेली लाट आंत शिरेपर्यंत पुष्कळशी नरम पडते, आणि तळ मंद उताराचा असल्यानें दूरवरून फेस होऊन येते. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तेथें ईशान्येचा, म्हणजे जमिनीकडचा, वारा असतो. सकाळीं सात वाजतां पाणी इतकें शांत असतें, कीं लाटांच्या रांगा मोजून घ्याव्यात.

शिकविण्याची रीत आम्हांस फार आवडली. प्रथम अर्धा तास वाळूवरच पालथें पडणें व उठणें. मग शिक्षक कमरेएवढ्या पाण्यांत उभा राहतो, शिष्याला फळीवर पालथा घालतो, मागें वळून लाट पाहतो आणि नेमक्या क्षणीं फळीला ढकलून "ऊठ!" म्हणून ओरडतो. पहिल्या दिवशीं फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेंसावरच काम चालतें. न फुटलेल्या हिरव्या लाटेकडे कोणी नेत नाहीं. आमच्या डोळ्यांदेखत पन्नाशीच्या एक बाई अकरा वेळां पडल्या आणि बाराव्या वेळीं उभ्या राहिल्या. शिक्षक या नात्यानें सांगतों, असा वर्ग आम्हांस आमच्या उभ्या नोकरींत मिळाला नाहीं.

दोष नाहींत असें नाहीं. नवशिक्यांची गर्दी फार, त्यामुळें एकमेकांच्या फळ्या लागतात. यास्तव पहांटेची वेळ बरी. थोड्याच अंतरावरच्या मिदिगम येथील लाटा मात्र खडकाळ प्रवाळावर फुटतात. 'जवळच आहे' म्हणून पहिल्या आठवड्यांत तिकडे जाऊं नये. आणि मे ते सप्टेंबर या काळांत नैऋत्य मोसमीमुळें हाच किनारा खवळतो. त्या दिवसांत लोक पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बे येथें जातात. तेथेंही मुख्य लाट जाणत्यांची आहे, नवशिक्यांच्या जागा निराळ्या आहेत, त्या विचारून घ्याव्यात.

कोलंबोहून वेलिगमला आगगाडी जाते, ती पुष्कळ अंतर समुद्राच्या अगदीं कडेनें. गांवांत खडकांत कोरलेली एक भव्य मूर्ति आहे, तिला कुष्ठराजगल म्हणतात. ती बहुधा बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची असावी असें विद्वान मानतात. शाकाहारी मंडळींनीं एक सावधगिरी बाळगावी. खोबऱ्याच्या 'पोल संबोल'मध्यें आणि कित्येक भाज्यांतही वाळलेल्या मासळीचा चुरा घालतात, तेव्हां आधींच सांगून ठेवावें. भात, नारळाच्या दुधांतली मसुरीची आमटी आणि 'इंदि आप्प' यांवर उत्तम निभावतें. हा शेवटला पदार्थ म्हणजे आपले कोंकणांतले शिरवाळेच.

हवाईंतील वाइकिकीचा उल्लेख न करणें कृतघ्नपणाचें होईल, कारण हा खेळ जगाला दिला तो तेथल्याच लोकांनीं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारे ड्यूक कहानामोकू त्याच किनाऱ्यावर वाढले. तेथली लाट लांब आणि सौम्य आहे. परंतु अंतर, खर्च आणि परवान्याची यातायात पाहतां पहिल्या धड्यासाठीं इतक्या दूर जाण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

त्यापेक्षां ज्यांना परदेश नको त्यांनीं मंगळूरच्या उत्तरेस शांभवी नदीच्या मुखाजवळील मुल्की पाहावें. तेथील आश्रमांत राहणारे जॅक हेबनर हे अमेरिकन वैष्णव साधु तरुणांना हा खेळ शिकवूं लागले आणि २००४ सालीं मंत्र सर्फ क्लब निघाला. पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या सुमारास तेथें जाणें बरें. तामिळनाडूंत चेन्नईच्या दक्षिणेस कोवलम आहे (केरळांतलें कोवलम तें निराळें); तेथें कोळी कुटुंबांतून आलेल्या मूर्ति मेगवन यांनीं गांवच्या मुलांना शिकवून मोठा लौकिक मिळविला. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्या किनाऱ्याचे वादळी दिवस आहेत, ते टाळावेत. आमच्या कोंकणाचें काय, असें कोणी विचारील. पावसाळ्यांत तो समुद्र एवढा खवळतो, कीं १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी कायद्यानें बंद असते. आणि हिंवाळ्यांत तो इतका निवतो, कीं फळी उचलणारी लाट मिळेलच असा भरंवसा नसतो.

खरें भय लाटेचें नसून परतणाऱ्या पाण्याचें आहे. लाटांनीं किनाऱ्यावर लोटलेलें पाणी एखाद्या खोलगट वाटेनें जोरानें आंत परततें. अशा वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून अजाण माणसाला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तेथेंच उतरतो. प्रवाहांत सांपडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची झोंबाझोंबी करूं नये. फळी सोडूं नये, हात वर करून मदत मागावी, आणि किनाऱ्याला समांतर असें बाजूला सरकावें. शाळा निवडतांना भाड्याआधीं हें विचारावें: एका शिक्षकामागें शिष्य किती? त्याच्यापाशीं आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचें प्रमाणपत्र आहे काय? फळी आठ-नऊ फूट लांब व मऊ पृष्ठाची आहे काय? आखूड, टणक फळी ऐटबाज दिसते, पण ती नवशिक्याखालीं ठरत नाहीं आणि डोक्यावर आली तर इजा करते. उन्हासाठीं पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा घ्यावा.

निघण्यापूर्वी दोन महिने तयारी करावी. तलावांत न थांबतां दोनशे मीटर पोहतां आलें पाहिजे. तेवढें येत नसेल तर तिकिटें पुढें ढकलावींत. फळीवर उठण्याची क्रिया घरच्या सतरंजीवर रोज वीस वेळां करावी. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्या सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, ते नेमानें घालणाऱ्याच्या खांद्यांत ही शक्ति आयतीच असते. नमस्कारांत मात्र पाय एकामागून एक पुढें येतात, आणि फळीवर ते दोन्ही एकाच झटक्यांत आणावे लागतात. तेवढी संवय तेवढी नव्यानें करावी लागते.