यंत्रयुगाचा उदय (लेखांक सातवा) : द्रव्यवतीच्या काठी यंत्र का आले नाही?

जयपूर शहराच्या दक्षिणेस टोंक रस्त्यावरचा गोपालपुरा हा आज वसाहतींनी आणि शिकवणीवर्गांनी गजबजलेला भाग आहे. परंतु त्याच रस्त्याने आणखी थोडे पुढे गेले की सांगानेर लागते, आणि द्रव्यवती नदीच्या पाण्यावर ज्याच्या छापील सुती कापडाची धुलाई पिढ्यानपिढ्या होत आली ते हे गाव, मागील लेखांकात उपस्थित केलेल्या प्रश्नाची कसोटी पाहण्यास मला मँचेस्टरहूनही अधिक उपयुक्त वाटते. यंत्रयुग एका समाजात लवकर आणि दुसऱ्यात उशिरा का अवतरले, याचे उत्तर 'ते लोक बुद्धिमान आणि आपण मागासलेले' असे देऊन मोकळे होणाऱ्यांना हा मुलूख निरुत्तर करतो.

सनावळीच पाहावी. १७१२ साली इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर टॉमस न्यूकमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचे बाष्पयंत्र पाणी उपसू लागले. १७२७ साली सवाई जयसिंहाने जयपूरचा पाया घातला. ज्या राजाने लिस्बनला शिष्टमंडळ धाडून युरोपातील ज्योतिषकोष्टके मागविली आणि ज्याच्या आश्रयास राहून सम्राट जगन्नाथ या महाराष्ट्रीय पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, त्याच्या दरबारात जिज्ञासेचे दुर्भिक्ष होते असे कोण म्हणेल? कौशल्यही विपुल होते. राजवाड्याच्या छत्तीस कारखान्यांत पोथीखाना व सिलहखाना यांच्या जोडीला कापड रंगविण्याचा रंगखाना आणि छपाईचा छापाखानाही होता. शिवशाहीतील अठरा कारखाने ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्या ध्यानात येईल की ही सारी खाती दरबाराची गरज भागविण्यासाठी असत. माल उत्कृष्ट निघे, परंतु तो आणखी स्वस्त कसा पडेल ही विवंचना तेथे कोणाला नव्हती. जयसिंहाच्या वेधशाळेतील दगडी यंत्रांपुरते पंडित आणि गवंडी एकत्र आले खरे, पण ही सोबत रंगखान्यापर्यंत पोहोचली नाही. उलट ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटच्या हाती न्यूकमेनच्या यंत्राचा एक बिघडलेला नमुना आला, आणि तेथील प्राध्यापकांच्या सहवासात त्या दोषावर चिंतन करून त्याने १७६९ साली आपल्या सुधारणेचे पेटंट मिळविले.

परंतु एवढ्यानेही उलगडा होत नाही. न्यूकमेनचे यंत्र कोळसा इतका खाई की जेथे कोळसा जवळजवळ फुकट, त्या खाणीच्या तोंडाशीच ते परवडावे. आणि ते तेथे परवडले म्हणूनच पुढील दोन पिढ्यांना ते सुधारण्यास अवधी मिळाला. रॉबर्ट ॲलन या अर्थेतिहासकाराचे प्रतिपादन असे की इंग्लंडात मजुरी महाग आणि कोळसा स्वस्त असल्यामुळे माणसाच्या जागी यंत्र बसविण्यात तेथे नफा होता, इतरत्र तो नव्हता. सांगानेरला हे तंतोतंत लागू पडते. ठसा उठविणारा छिपा अल्प मजुरीत मिळत असता, आणि बंगालमधील राणीगंजचा कोळसा हजार किलोमीटरांहून दूर असता, यंत्रात भांडवल गुंतविणारा व्यापारी शहाणा ठरला नसता.

ॲलन यांचे मत मला पटते, तथापि त्यात राजसत्तेला मिळायला हवे तितके स्थान मिळत नाही. सुरत आणि चोळमंडळ किनाऱ्यावरून जाणाऱ्या हिंदी छापील कापडाने इंग्रज विणकर हवालदिल झाले, तेव्हा तेथील पार्लमेंटने १७०० साली अशा कापडाच्या आयातीवर आणि १७२१ साली ते वापरण्यावरही निर्बंध घातले. त्या आडोशाला तेथील छपाई व सूतकताई वाढीस लागली. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरचे कापड उलट दिशेने येऊ लागले तेव्हा असा आडोसा उभारण्याचा अधिकार जयपूर दरबारास उरला नव्हता. त्यापूर्वीच्या काळाचा हिशेब आपणा मराठी लोकांसही द्यावा लागेल. खंडणीच्या तगाद्यासाठी मल्हारराव होळकरांची फौज चालून आली असता १७५० साली जयपूरच्या राजा ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली; ज्या राज्याचा खजिना असा वारंवार रिता होतो, तेथे दीर्घ मुदतीच्या उद्योगाला स्वास्थ्य कोठून लाभावे? पराक्रमाची वर्णने करताना ही बाजू आपल्या इतिहासलेखनात फार काळ झाकली गेली, हे मला खेदाने नमूद करावेसे वाटते.

भांडवल मात्र याच राज्यात होते, आणि ते बाहेर गेले. शेखावाटीतील पिलानीहून शिवनारायण बिर्ला १८६० च्या सुमारास मुंबईस गेले; सीकरजवळच्या काशी का बास येथे जन्मलेले जमनालाल बजाज बालवयातच वर्ध्यास दत्तक आले. १९१९ मध्ये घनश्यामदास बिर्लांनी तागाची गिरणी काढली ती कलकत्त्यास, जेथे कच्चा माल, कोळसा आणि बंदर एका टापूत होते. त्याच घराण्याचा बेअरिंगचा कारखाना जयपुरात उभा राहिला तो १९४६ साली, कारखान्याला कोळशाच्या खाणीच्या शेजारी राहण्याची सक्ती विजेने दूर केल्यानंतर.

कोळसा मुंबईपाशीही नव्हता. तरीही १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी तेथे सूतगिरणीची कंपनी स्थापन केली. ती कोणाच्या पैशाने आणि कोणत्या बाजाराच्या भरवशावर, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.