शेणखत आणि झिंग्यांचे तळे



झिंग्यांच्या तळ्यांसाठी आपण देणगी पाठवता, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : झिंगे खरेच शेणावर वाढतात का? शेण हे त्यांचे मुख्य अन्न नव्हे. ते पाण्यात कुजते, त्यातून नत्र आणि स्फुरद सुटते, बारीक शेवाळ वाढून पाणी हिरवट होते. त्यावर सूक्ष्म जीव आणि तळाच्या चिखलातल्या अळ्या पोसतात. झिंग्यांची पिले हे खातात. विकतचे खाद्य हा या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च. शेण मात्र आर्वी-कारंजा भागातल्या गोंड आणि कोलाम कुटुंबांच्या गोठ्यातच मिळते.

तळे सुकवून आधी गुंठ्याला २-३ किलो चुना टाकतो. शेण आठवड्याने, कारण ताज्या चुन्याशी गाठ पडली की त्यातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. मग खड्ड्यात कुजवलेले शेण, गुंठ्याला सुमारे १० किलो. पुढे पाणी बघून थोडे थोडे. हात कोपरापर्यंत बुडवावा : तळवा अंधुक दिसला तर ठीक, दिसेनासा झाला तर शेण बंद.

हे ‘बंद’ पटवणेच अवघड जाते. शेतात खत जास्त झाले तर पीक माजते. तळ्यात जास्त झाले तर झिंगे मरतात. रात्री शेवाळही प्राणवायू घेते आणि कुजणारे शेणही. पहाटे झिंगे काठाला चिकटलेले दिसले, की ताजे पाणी सोडायला वेळ फार थोडा उरतो. ढगाळ दिवसांत आम्ही शेण टाकूच देत नाही.

दुसरे संकट कपाशीचे. झिंगा हा किड्यांचाच भाऊबंद, म्हणून बोंडअळीवरचे औषध त्यालाही मारते. फवारलेल्या शेतातले पाणी तळ्यात उतरू नये असा बांध आधी, बाकी सारे नंतर.

शेणाचा हा हिशेब वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा, आपल्यासारखेच ख्रिस्ती, मातीचे मातीला परत द्या असेच सांगत.

पिले मात्र इथे तयार होत नाहीत. अळी असताना त्यांना मचूळ पाणी लागते, म्हणून ती बीजकेंद्रातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत आणावी लागतात. आपली देणगी मुख्यतः इथेच खर्च होते. जुलैत पिले सोडली तर थंडी वाढण्याआधी काढणी होते. तळी भरतील एवढा पाऊस वेळेवर यावा, यासाठी कृपया प्रार्थना करावी.