वकिलांचा कारकून आणि संगणक

तालुका न्यायालयाच्या आवारात सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत घाईत असे तो वकिलाचा कारकून. बोर्डावर दावा कितवा आहे ते पाहायचे, पुकारा होण्यापूर्वी पक्षकाराला शोधून आणायचे, नकलेचा अर्ज द्यायचा, पुढची तारीख डायरीत टिपून घ्यायची. या कामाला पदवी लागत नसे; लागे ती ओळख, पायपीट आणि स्मरणशक्ती.

२००७ साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने या कामाचा मोठा भाग हलका केला. प्रत्येक खटल्याला सोळा अंक-अक्षरांचा क्रमांक मिळाला. तो भ्रमणध्वनीवर टाकला की तारीख घरबसल्या कळते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदृश्य सुनावणी रुळली. तारीख विचारण्यासाठी एस.टी.ने येणाऱ्या शेतकऱ्याचे भाडे आणि बुडणारी मजुरी वाचली, हा लाभ कोणीही नाकारू नये. प्रश्न आहे तो या बचतीच्या वाटणीचा.

कारकुनाचा पगार बहुधा तुटपुंजा. त्याची भरपाई पक्षकार हेलपाट्यागणिक जे हातावर ठेवी त्यातून होई. हेलपाटा गेला, तशी ही मिळकतही गेली. काम मात्र गेले नाही. कागद स्कॅन करणे, पृष्ठक्रमांक घालणे, ई-फायलिंग करणे, कार्यालयाने काढलेल्या त्रुटी दूर करणे हे सारे त्याच्याच, किंवा त्याच्या जागी आलेल्या तरुणाच्या, गळ्यात पडले. पूर्वी दाखल करून घेण्याची खिडकी संध्याकाळी बंद होई आणि कारकून घरी जाई. आता मुदतीचा शेवटचा दिवस मध्यरात्रीपर्यंत लांबतो, आणि त्या जादा तासांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

दुसरा बदल अधिक खोल आहे. मसुद्याचे टंकलेखन शहरातील वकील दूरच्या गावातील, घरी बसून काम करणाऱ्या मुलीकडून करून घेऊ शकतो. घर न सोडता तिला रोजगार मिळतो, ही चांगलीच गोष्ट. परंतु पानामागे किती पैसे द्यायचे हे देणाराच ठरवतो. एकमेकींना न ओळखणाऱ्या अशा मुलींनी दर वाढवून मागायचा तरी कसा? शिवाय कचेरीत वडीलधाऱ्या कारकुनाशेजारी बसून दाव्याची मांडणी, मुदतीचा कायदा, कोर्ट फीचा हिशेब आपोआप कानावर पडे. घरी आलेल्या सुट्या पानांतून हे शिक्षण मिळत नाही. ती वेगवान टंकलेखिका होईल. कारकून होणे कठीण.

वकिलांसाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये कल्याण निधीचा कायदा केला. केरळने २००३ मध्ये वकिलांच्या कारकुनांसाठी तसा स्वतंत्र कायदा केला. त्याचा अभ्यास येथील विधिमंडळाने करण्यास हरकत नसावी. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. न्यायालयांतील ई-सेवा केंद्रांवर, संगणकाचे थोडे प्रशिक्षण देऊन, या अनुभवी कारकुनांना बसवण्यास त्यातील फार मोठी रक्कम लागणार नाही. अडाणी पक्षकाराचा अर्ज वाचून त्याची नेमकी अडचण ओळखण्याचे काम त्यांना आजही इतरांपेक्षा चांगले जमते.